पांढरा क्रमांक चार

मामाचा उजवा डोळा बरा झाला आणि त्यामुळे आमच्या कारखान्याचा सगळ्यात जास्त खपणारा रंग जगातून कायमचा गेला. झालं, सांगून टाकलं. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, मीही लिहिलं नाही असं समजतो. मामाच्या डोळ्याला काहीएक झालेलं नाही. मंगळवार आहे, सकाळचे साडेआठ वाजलेत, आणि आम्ही दोघे बसस्टॉपवर उभे आहोत.

मामा म्हणाला, "चढ." मी चढलो. अकरा वर्षं मी मामाबरोबर त्याच स्टॉपवरून कारखान्यात जातोय, आणि या अकरा वर्षांत बसचा नंबर मी एकदाही बघितलेला नाही. बघायचं कशाला? आईने मला तिच्या या भावाच्या हवाली केलं तेव्हाच सांगितलं होतं की मामा बघेल. मामा बघायचा. तो रंगाच्या कारखान्यात शेड मास्तर, रंगांच्या छटा जुळवणारा, म्हणजे बघणं हाच त्याचा धंदा, आणि मी त्याच्या हाताखालचा, म्हणजे तो बघतो तिकडे बघणं हा माझा. तर बस चौकात उजवीकडे वळायची ती डावीकडे वळली. मामाने खिडकीबाहेर पाहून "हं" केलं. मला वाटलं, मामाचं काही काम असेल. मामाला वाटलं (हे त्याने नंतर सांगितलं) की रस्ता खोदला असेल. अर्धा तास आम्ही दोघं अत्यंत समजूतदार चेहऱ्याने अनोळखी दुकानं बघत बसलो. शेवटी बस रिकामी झाली, कंडक्टर म्हणाला, "आजोबा, शेवटचा स्टॉप." "माहितीय," मामा म्हणाला आणि उतरला. समोर एक तीन मजली इमारत होती आणि तिच्यावर माणसाच्या उंचीचा एक डोळा रंगवलेला होता. नेत्र रुग्णालय. डोळा आमच्याकडे बघत होता, आम्ही डोळ्याकडे. "त्र्याऐंशी होती," मामा म्हणाला. मी मागे वळून पाहिलं. बसच्या कपाळावर अठ्ठ्याऐंशी होतं. एवढंच झालं. दुसऱ्या बसने आम्ही कारखान्यात गेलो, पाऊण तास उशिरा. पण त्या दिवसापासून मला मामाकडे सरळ बघता येईना. मामाची नजर अधू झाली म्हणून नव्हे. ती अधू झालीय हे मला सहा वर्षांपासून ठाऊक होतं म्हणून.

हे नीट सांगायचं तर आधी फरशीचं सांगायला हवं. आमच्या कारखान्यात पूर्वी पांढऱ्याची एक मूळ फरशी होती, तळहाताएवढी, मखमलीच्या डबीत ठेवलेली. पांढरा क्रमांक चारचं प्रत्येक पिंप तयार झालं की पट्टीवर एक फटकारा मारायचा, वाळू द्यायचा, मग ती पट्टी फरशीशेजारी धरायची. जुळलं की मामाची सही. दहा वर्षांपूर्वी मामाचा सत्कार झाला, पंचवीस वर्षांच्या सेवेचा, आणि भाषणाच्या भरात मामाने ती फरशी सगळ्यांना दिसावी म्हणून उंच धरली. फरशीचे पाच तुकडे झाले. टाळ्या थांबल्या. साहेबांनी विचारलं, "आता हो?" मामाने आपल्या भुवईवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे आहे." दुसऱ्या दिवशी फळ्यावर आदेश लागला: पुढील आदेश होईपर्यंत शेड मास्तर यांची नजर हेच प्रमाण समजावे. पुढील आदेश झाला नाही. कारखान्यात पुढील आदेश कधीच होत नाहीत. तेव्हापासून मामा नुसता मामा राहिला नाही, तो प्रमाण झाला. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. लोकांचे मामा रेल्वेत असतात, बँकेत असतात. माझा मामा भुवईखाली अख्खा पांढरा रंग घेऊन हिंडायचा, आणि संध्याकाळी मामी त्यालाच पिठाचा डबा वरून काढायला लावायची.

लहानपणी मी सुट्टीत त्याच्याकडे यायचो तेव्हा तो मला भिंतीपुढे उभा करायचा आणि म्हणायचा, काय दिसतं? मी म्हणायचो, भिंत. "गाढवा, भिंत तर गाढवालाही दिसते. रंग बघ." मग तो सांगायचा की लाल करणं सोपं, लाल चुकला तरी लालच राहतो, पण पांढऱ्याला चुकायला चारी बाजू मोकळ्या असतात. सुईच्या टोकावर निळा पडला तर पांढरा थंडी वाजल्यासारखा दिसतो, पिवळा पडला तर आजारातून उठल्यासारखा. मी मान हलवायचो. शाळेत मी झाडाची पानं तपकिरी रंगवली होती आणि बाईंनी वही घरी पाठवली होती, मामाने ती उलटसुलट करून पाहिली आणि आईला म्हणाला, "पोराचं झाड वाळलंय, त्यात पोराचा काय दोष?" त्या वाक्यावर मी पुढली वीस वर्षं निर्धास्त जगलो. त्या वहीची आठवण मला सहा वर्षांपूर्वीच यायला हवी होती. आली नाही.

सहा वर्षांपूर्वी मामा पिंपात जरा जास्त निळा टाकू लागला. आधी अर्धा चमचा, मग एक. पट्टी खिडकीशी नेऊन म्हणायचा, "हल्ली कच्चा मालच पिवळा येतो." माल पिवळा नव्हता. मला स्वच्छ दिसत होतं, पट्टी निळी पडत होती, धुतलेल्या कपड्याला नीळ जास्त झाल्यासारखी. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो माणूस प्रमाण असेल तर काय करायचं हे म्हणीत कुठे सांगितलेलं नाही. सांगावं तर कसं? मामा, तू चुकतोयस, असं म्हणायचं म्हणजे वजनकाट्याला तू जाड झालास म्हणण्यासारखं. आणि सांगितलं असतं तर काय झालं असतं? साहेबांनी फळ्यावर पुढील आदेश लावला असता, मामा गेटवरच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची वही ठेवत बसला असता, आणि पाट्या वाचायला कुणाला तरी हाक मारत राहिला असता. म्हणून मी एक साधा उपाय केला. मामा दुपारी जेवून वीस मिनिटं डोळे मिटायचा. त्या वीस मिनिटांत मी पिंपात दोन चमचे पिवळा टाकायचो. सपाट. ढवळायचो, चमचा धुवायचो, जागेवर ठेवायचो. रंग पुन्हा पांढरा झाला असं मला वाटायचं. दुसऱ्या सकाळी डबे भरण्याआधी मामा शेवटची पट्टी काढायचा, खिडकीशी न्यायचा, कपाळाला आठ्या घालायचा. "रात्रीत पुन्हा पिवळा चढला बघ." आणि थोडा निळा. सहा वर्षं. रोज सकाळी तो, दुपारी मी, पुन्हा सकाळी तो. एकाच पिंपात आम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतो आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. आणि या सगळ्याचा परिणाम काय व्हावा? पांढरा क्रमांक चारचा खप तिप्पट झाला. दवाखाने, शाळा, वाचनालयं, सगळीकडून मागणी. लोक म्हणायचे, डोळ्यांना थंड वाटतो, भिंतीकडे बघत राहावंसं वाटतं. साहेबांनी मामाचा दुसरा सत्कार केला. या वेळी त्याच्या हातात काही दिलं नाही.

बसची गोष्ट मी मामीला सांगितली, म्हणजे सांगायची नव्हती, पण मामीने उशीर का झाला असं विचारलं आणि मामा "रस्ता खोदलाय" म्हणाला त्याच क्षणी मी "बस चुकली" म्हणालो. मामीने कणीक मळायची थांबवली नाही. "आणि परवा शेजारणीच्या वाळत घातलेल्या गाऊनला या बसा म्हणाले, ते?" "वारा होता," मामा म्हणाला. "वाऱ्याला का बोलावत होतात मग?" मग तिने बाकीचं काढलं. संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसतात हे त्याने तिला सांगितलं होतं, प्रत्येक दिवा नवरदेवासारखा मुंडावळ्या बांधून उभा असतो म्हणून. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला होता. उन्हात डोळे दिपायचे. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वयोमानाने होतं." "वयोमानाने होतं म्हणूनच वयात असताना दाखवायचं असतं," मामी म्हणाली, आणि शनिवारी आम्ही तिघं अठ्ठ्याऐंशीने, या वेळी मुद्दाम, त्या रंगवलेल्या डोळ्यापाशी उतरलो.

बाकावर डोळ्यांचे सगळे प्रकार बसले होते. एक गृहस्थ काळा चष्मा लावून, डोळे आलेले. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन दोन जागा रिकाम्या, जणू ते राजे होते. एक मुलगी पापणीवरच्या रांजणवाडीवर रुमाल गरम करून धरत होती आणि आरशात बघून उसासे टाकत होती. एक टंकलेखिका दर मिनिटाला डोळ्यांत थेंब घालत होती. पडद्याकडे बघता बघता पापणी लववायचीच विसरते, म्हणून डोळे कोरडे पडलेत, असं तिने न विचारता सांगितलं, आणि आम्ही चार-पाच जण एकदम पापण्या लववू लागलो. एका म्हाताऱ्या बाईंना काचबिंदू होता. "दुखलं नाही, खुपलं नाही," त्या मामीला सांगत होत्या, "नुसती बाजूबाजूने दुनिया कमी होत गेली. आता उरलीय ती थेंबांवर टिकवायची." मामा ऐकत होता. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि त्याला वाटत होतं की तो त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर आहे. मी तो काढला नाही. मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो. भिंत आमची होती. पांढरा क्रमांक चार, आमचाच, मी कुठेही ओळखला असता. सुंदर दिसत होती. तिच्याकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की मला नेमकी कशाची भीती वाटतेय. या दाराआड कुणीतरी मामाचा डोळा पुसून स्वच्छ करणार होतं, आणि त्या स्वच्छ डोळ्याला सगळ्यात आधी माझे दोन चमचे दिसणार होते.

डॉक्टरीण बाई माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मामाची हनुवटी यंत्रावर टेकवली, उजेडाची एक उभी फट त्याच्या डोळ्यात सोडली आणि म्हणाल्या, "दोन्हीकडे मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग पिवळं, तपकिरी झालंय. उजवं जास्त." "कशामुळे?" "वय. ऊन. साखर असली तर लवकर होतो. काही लोक डोळे चुरचुरले की दुकानातून कुठलेही थेंब आणून वर्षानुवर्षं घालतात, त्यानेही होतो." मामाने विचारलं, थेंबांनी जाईल का? नाही. व्यायामाने? नाही. "मग पिकू दे, पिकला की काढू," मामा म्हणाला. बाई म्हणाल्या, "तो फळ नाही. पिकायची वाट बघितली तर काढायलाच अवघड जातो. बारीकशी चीर, आतलं भिंग कंपनांनी फोडायचं, ओढून घ्यायचं, नवं बसवायचं. वीस मिनिटं. तुम्ही जागे असाल." मामाने एक प्रश्न विचारला, जो त्या खोलीत तोवर कुणी विचारला नसावा. "काढलेलं परत देता का?" "त्याचा चुरा होतो," बाई म्हणाल्या, "परत द्यायला काही उरतच नाही." मामाने मान हलवली. बाहेर आल्यावर तो मला हळूच म्हणाला, "नव्या भिंगातून पांढरा वेगळा दिसला तर, अरे, खरा कुठला धरायचा?" माझ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्याला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "पांढरा तो पांढरा, मामा." असलं वाक्य बोलणाऱ्या माणसाला कारखान्यात ठेवू नये.

त्याची कागदपत्रं होईपर्यंत तपासनीस मला म्हणाला, "यंत्र रिकामं आहे, तुम्हीही बसा." लांबचं छान दिसलं, जवळचं छान दिसलं. मग त्याने ठिपक्या-ठिपक्यांची एक वही उघडली आणि विचारलं, "काय दिसतं?" मी म्हणालो, ठिपके. "आकडा?" "आकडा नाही. ठिपके मात्र नीट काढलेत." त्याने पान उलटलं. पुन्हा ठिपके. सहा पानं झाल्यावर तो जरा हळुवारपणे बोलू लागला, जसं लोक दारात आलेल्या पोस्टमनशी बोलत नाहीत, मांजराशी बोलतात. मला लाल आणि हिरव्यातला फरक कमी कळतो. जन्मापासून. औषध नाही, ऑपरेशन नाही, वाढणारही नाही. "बहुतेक आईकडून येतं हे," तो म्हणाला. "म्हणजे मामाच्या घरातून?" "हो, पण मामांना आलं नसेल, तुमच्याच वाट्याला आलं." घरातली एवढी एकच वडिलोपार्जित चीज माझ्या हाती लागली होती आणि मला ती दिसतही नव्हती. "काय काम करता?" त्याने फॉर्म भरताना विचारलं. मी रंग बनवतो असं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं, पाणी प्यायला, पुन्हा उचललं. मला वाळलेलं झाड आठवलं. पोराचा काय दोष. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि त्या भिंतीकडे पुन्हा पाहिलं. पांढरीशुभ्र. निळ्यात पिवळा मिसळला की काय होतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. नुसतं दिसत नव्हतं.

बुधवारी ऑपरेशन झालं. मामाला दुखलं नाही, त्याला फक्त उजेड दिसला, पाण्याखालून वर बघितल्यासारखा, आणि मध्येच कुणीतरी त्या उजेडाची काच पुसली. गुरुवारी सकाळी पट्टी काढायला आम्ही पुन्हा तिथे. बाईंनी झाकण काढलं, डोळा पुसला. मामाने आधी मामीकडे पाहिलं. "तुझे केस पिकले?" "पाच वर्षं झाली," मामी म्हणाली, "तुमच्याकडे बातमी उशिरा आली." मग त्याने भिंतीकडे पाहिलं. पाहतच राहिला. उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं, डावा मिटून उजव्याने पाहिलं, पुन्हा डाव्याने. नर्सला वाटलं तो तिला डोळा मारतोय. "या भिंतीला काय झालंय?" "काही नाही, तुमच्याच कारखान्याचा रंग आहे," बाई कौतुकाने म्हणाल्या. "हिरवी आहे," मामा म्हणाला. "हिरवीच होती," मामी शांतपणे म्हणाली. "सहा वर्षं. आपलं स्वयंपाकघर पण." "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही दोघं एवढे जाणकार. मला वाटलं, मुद्दाम करताय."

मामा खुर्चीत मागे रेलला. तो हिशोब करतोय हे मला दिसत होतं, पिंपातला हिशोब. "निळा मी घालत होतो," तो सावकाश म्हणाला. "नुसत्या निळ्याने हिरवा होत नाही." आणि मग त्याने ती नवी, धुतलेली, जरा लाल झालेली नजर माझ्याकडे वळवली. मला वाटायचं हा क्षण आला की मी पळून जाईन, किंवा निदान रडेन. मी म्हणालो, "दुपारी. तू डोळे मिटायचास तेव्हा." "किती?" "दोन चमचे." "भरून?" "सपाट." "तरीच," मामा म्हणाला. "भरून धरले तर हिशोब जास्त येतो, सपाट धरून बसतो." मग म्हणाला, "सांगायचं होतंस रे गाढवा." मी म्हणालो, "तू प्रमाण होतास." आणि मग ठिपक्यांच्या वहीचं सांगून टाकलं, सगळं, सहाच्या सहा पानं. मामाने ऐकलं, आणि त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतोय. बाईंनाही वाटलं, त्या म्हणाल्या डोळ्याला ताण देऊ नका. तो हसत होता. "म्हणजे एकाला पिवळा कळेना, एकाला हिरवा कळेना, आणि दोघांनी मिळून गाव रंगवलं," तो म्हणाला. "डोळा चोळायचा नाही," नर्स ओरडली. चार वेळा थेंब, महिनाभर. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आतून आलेलं चालतं का, मामाने विचारलं.

पुढचं तुम्हाला पहिल्या वाक्यात सांगून झालंय, आणि तुम्ही ते वाचलेलं नाही. मामाने कामावर जाऊन पहिलं पिंप केलं, खराखुरा पांढरा, आणि मी दुपारी हात खिशात घालून बसलो. आठ दिवसांत डबे परत आले. टोचतो, म्हणाले. डोळ्यांत जातो, म्हणाले. आम्हाला आधीचा हवा. आम्ही आधीचा करायला बसलो, मामीला मध्ये उभी करून, निळा मोजून, पिवळा मोजून, आणि तो आला नाही. मापं होती, पण ती कधी थांबवायची हे ठरवणारा तो जुना डोळा नव्हता. साहेबांनी मामाला बोलावलं. डावा डोळा अजून जुनाच आहे ना, त्यांनी विचारलं. तो तसाच राहू द्या, उजवा झाकून काम करा, कारखान्यासाठी. मामा माझ्याकडे बघू लागला. तो हो म्हणेल असं मला दिसत होतं, कारण पस्तीस वर्षं कुणी त्याच्या डोळ्याला मागणी घातली की तो नाही म्हणत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या आधी बोललो. "साहेब, बसचा नंबर मी कधीच बघत नाही," मी म्हणालो, "तोच बघतो. त्याला दोन्ही लागतात." घरी आल्यावर मामीने एवढंच विचारलं की डाव्या डोळ्याच्या मंगळवारच्या तारखेला डबा लागेल की तिथे मिळेल. संध्याकाळी मामा खिडकीत बसून रस्त्यावरचे दिवे एकेक करून बघत होता, उजव्या डोळ्याने. मुंडावळ्या उतरल्या होत्या. मी त्याच्याशेजारी बसलो. "खिडकीबाहेरचं ते झाड कुठल्या रंगाचं रे?" मी विचारलं. "हिरवं," तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." त्याच रात्री जेवायच्या आधी मी हा अर्ज लिहिला. साहेबांच्या सहीसाठी तो टेबलावर आहे.

प्रति, अधीक्षक, नेत्र रुग्णालय. विषय: काढून घेतलेले भिंग परत मिळण्याबाबत. महोदय, आपल्या रुग्णालयात गेल्या महिन्यात आमच्या शेड मास्तरांच्या उजव्या डोळ्यातून जे भिंग काढण्यात आले, ते फळ्यावरील आदेशानुसार या कारखान्याचे अधिकृत प्रमाण होते, व तो आदेश अद्याप रद्द झालेला नाही. सदर भिंगाचा चुरा झाल्याचे आम्हांस तोंडी कळविण्यात आले आहे. तरी सदर चुरा पूर्ववत जोडून, आहे त्याच पिवळेपणासह, झाकणाच्या बाटलीत घालून परत करावा, तसेच येत्या मंगळवारी निघणारे डावे भिंग न फोडता सोबत द्यावे, ही नम्र विनंती. भिंगे परत मिळेपर्यंत आपल्या प्रतीक्षालयाच्या भिंती पुन्हा रंगवू नयेत, कारण हा रंग आता जगात भिंतींवर आहे तेवढाच उरला आहे, व शेड मास्तर आणि त्यांचा भाचा हे दर शनिवारी तेथे बाकावर बसून तो पाहू इच्छितात. येण्याजाण्याचा खर्च मागितलेला नाही. बस अठ्ठ्याऐंशी.